पाचव्यांदा त्याच दारात

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या वाचक ३४ वर्षांच्या परिचारिका आहेत. नऊ वर्षं त्यांनी आयसीयूत काम केलं. घरी लहान मूल आणि सततच्या रात्रपाळ्या यांचा मेळ बसेना, म्हणून चौदा महिन्यांपूर्वी त्या सार्वजनिक आरोग्याच्या कामात आल्या. त्यांचा आठवडा असा जातो : सोमवारी लसीकरण सत्र, मंगळवारी शाळेत तपासणी, बुधवारी क्षयरुग्णांच्या घरी फेरी, गुरुवारी गरोदर आणि बाळंतिणींच्या गृहभेटी, शुक्रवारी बैठक आणि अहवाल. मध्येच काही उपटलं की तिकडं धाव. ‘मागच्या महिन्यात एकाच गल्लीत तीन मुलं जुलाबानं आजारी दिसली, तेव्हा पाण्याच्या लाइनची तक्रारही मीच केली, तसली कामंही आमच्याच गळ्यात.’

त्या लिहितात, ‘सगळं थोडं थोडं करते, तज्ज्ञ कशातच नाही. आयसीयूत माझ्या डोळ्यांदेखत माणूस शुद्धीवर यायचा. आता संध्याकाळी घरी कुणी विचारलं, आज काय केलंस, तर उत्तर सुचत नाही.’ जुन्या मैत्रिणी म्हणतात, ‘तू काय, सुया टोचत फिरतेस!’ दोन प्रसंग त्यांच्या जिव्हारी लागले आहेत. बाळाच्या लशीसाठी त्या एका आईकडे चार वेळा गेल्या, चौथ्या वेळी तिनं दार लावून घेतलं. आणि एका क्षयरुग्णानं तिसऱ्या महिन्यात औषध सोडलं. शिवाय फिल्डवरचा एकटेपणा, रजिस्टरांचं ओझं आणि, अगदी एका ओळीत, सुरक्षितता या तक्रारीही पत्रात आहेत. आता जुन्या हॉस्पिटलात जागा रिकामी झाली आहे आणि महिन्याभरात कळवायचं आहे. ‘हात गंजायच्या आत परत जावं का?’

उत्तर

प्रिय सिस्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पाण्याच्या लाइनच्या वाक्यापाशी अडकले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, थोडा त्रागा केलात आणि पुढच्या विषयाकडे वळलात. मला मात्र पुढं जाववेना.

तीन आजारी मुलं तीन घरांतली. एका आईला दुसरीच्या मुलाची खबर असेलच असं नाही. मुलं दवाखान्यात गेली असतील तर वेगवेगळ्या दिवशी, कदाचित वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. तिथं त्यांना जे मिळालं ते योग्यच असेल. पण ही तिघं एका गल्लीतली, एकाच लाइनचं पाणी पिणारी, हे फक्त तुमच्या डोक्यात जुळलं, कारण तिन्ही उंबरे तुम्हीच ओलांडले होते. त्या तक्रारीनंतर लाइन दुरुस्त झाली असेल, तर त्या गल्लीतलं चौथं-पाचवं मूल आजारी पडलं नाही. ते मूल कोणतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. त्याच्या आईलाही नाही.

आयसीयूत शुद्धीवर येणाऱ्या माणसाचं नाव पलंगाला लावलेलं असतं. इथं जो वाचतो तो अनोळखीच राहतो. तुमच्या पत्रातल्या बऱ्याचशा खंती या एकाच गोष्टीतून निघाल्या आहेत असं मला वाटतं. मी स्वतः हे काम सव्वीस वर्षं केलं आणि पहिली दोन वर्षं परत जायचं मनात घोळवतच काढली, त्यामुळं तुमचा प्रश्न मला परका नाही.

परका तो कुणालाच नव्हता. १८५९ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची पत्नी वारली. तिच्या आजारपणात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेनं तिची शुश्रूषा केली होती. रॅथबोननं विचार केला, सगळं काही असलेल्या आपल्या घराला या बाईचा एवढा आधार वाटला, तर काहीच नसलेल्या घरांना किती वाटेल? त्यानं तिला तीन महिन्यांसाठी शहरातल्या गरीब वस्तीत घरोघरी जाऊन शुश्रूषा करायला नेमलं. महिन्याभरात ती रडत परत आली. जे बघावं लागतंय ते सोसवत नाही, मला मोकळं करा, म्हणाली. त्यानं तिला उरलेले दोन महिने पुरे करायला राजी केलं. तीन महिने संपले तेव्हा तिचं म्हणणं पालटलं होतं : आता खासगी घरात एकाच रुग्णाजवळ बसायचं काम नको, हेच करीन. घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची जी व्यवस्था पुढं उभी राहिली, तिची सुरुवात या नेमणुकीपासून धरतात. तुम्ही चौदा महिने टिकला आहात. मेरी रॉबिन्सन महिन्यात रडली, हे मी तुम्हाला लाजवायला सांगत नाही. हे काम माणसाला आधी मोडतं आणि मग धरून ठेवतं, हा अनुभव जुना आहे एवढंच सांगते.

आता ‘सगळं थोडं थोडं’ या तक्रारीकडे येते. तुम्ही धरून चालला आहात की तज्ज्ञपणा म्हणजे एका अवयवाचा, एका यंत्राचा किंवा एका आजाराचा. वॉर्डात ते खरं आहे. वस्तीत तसं का नसतं, याचं शाळेतलं एक उदाहरण देते. तुमचा मंगळवार त्यातच आला.

न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये १९०२ च्या सुमारास डॉक्टर मुलं तपासत आणि खुपऱ्या, खरूज, उवा, गजकर्ण असं काही सापडलं की मुलाला घरी पाठवत. निदान अचूक असायचं. पण घरी गेलेल्या मुलाचं पुढं काय झालं हे बघायला कुणीच नव्हतं. आईच्या हातात न कळणारी चिठ्ठी, खिशात पैसा नाही, मूल महिनोन्‌महिने रस्त्यावर. लिलियन वॉल्ड या परिचारिकेनं शहराला सुचवलं की एक महिना एक परिचारिका शाळांत ठेवून बघा. लीना रॉजर्स यांना चार शाळा दिल्या, विद्यार्थी सुमारे दहा हजार. त्यांनी किरकोळ आजारांवर शाळेतच इलाज केले, आणि शाळा सुटल्यावर त्या मुलांच्या घरी जाऊन आईला जखम कशी धुवायची, औषध कसं लावायचं ते हातानं करून दाखवलं. प्रयोग वाढवला गेला. एका वर्षात आजारापायी शाळेतून काढलेल्या मुलांची महिन्याची संख्या दहा हजारांच्या वरून अकराशेच्या आसपास आली.

यात डॉक्टरांहून मोठं वैद्यकीय ज्ञान लीना रॉजर्सपाशी होतं असं नाही. तपासणी आणि घर यांच्यामध्ये एक दरी होती, तिच्यावर त्या उभ्या राहिल्या. सार्वजनिक आरोग्य परिचारिकेचा तज्ज्ञपणा हाच : दवाखाना आणि घर, शाळा आणि आई, औषधाची गोळी आणि ती गिळणारा माणूस यांच्या मधली जागा ओळखणं. सोमवार ते शुक्रवार तुम्ही पाच वेगळी कामं करत नाही. हे एकच काम तुम्ही पाच ठिकाणी करता.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या आरोग्य विभागानं या परिचारिका नेमकं काय काय करतात ते त्यांच्याच रोजच्या कामांतून गोळा केलं, तेव्हा सतरा प्रकार निघाले. लक्ष ठेवणं, साथीचा माग काढणं, लपलेला रुग्ण शोधणं, योग्य जागी पाठवणं, पाठपुरावा, समजावणं, समुपदेशन, लोकांना एकत्र आणणं, त्यांच्या वतीनं भांडणं, थेट धोरण बदलायला लावण्यापर्यंत. प्रत्येक प्रकार एका माणसासाठी, वस्तीसाठी आणि व्यवस्थेसाठी अशा तीन पातळ्यांवर. तुमच्या पाण्याच्या लाइनमध्ये यातले निदान चार आहेत. संध्याकाळी घरी उत्तर सुचत नाही कारण त्या कामांना तुम्ही नावंच दिलेली नाहीत; ‘तसली कामं’ या एका शब्दात ती गुंडाळून ठेवली आहेत.

मैत्रिणींच्या ‘सुया टोचण्या’बद्दलही सांगते, कारण तो शब्द तुम्हाला बोचला आहे. सुई टोचायला काही सेकंद लागतात. त्याआधी कोणत्या मुलाचा कोणता डोस राहिला याची यादी असते. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये इथवर आली का, कुपीवरच्या वर्तुळातला, उष्णता लागल्याची खूण दाखवणारा चौकोन गडद तर झाला नाही, आणि गोठल्यानं बिघडणारी लस बर्फाला चिकटून तर राहिली नव्हती, हे बघणं असतं. त्यानंतर मुलाला अर्धा तास डोळ्यांसमोर ठेवणं असतं. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मधलं मिनिट, जेव्हा तुम्ही आईला सांगता की आज-उद्या ताप येऊ शकतो, आला तर काय करायचं आणि किती झाला तर आमच्याकडे यायचं. गोवराच्या लशीचा ताप तर आठवड्या-दीड आठवड्यानं येतो. तोवर आई लस विसरलेली असते, आणि आठवलीच तर घाबरते. हे मिनिट गेलं की पुढच्या लशीला दार बंद होतं.

इथं मी तुमच्या त्या चार खेपांकडे येते.

तुम्ही लिहिलंय, ‘चार वेळा समजावलं.’ चारही वेळा तुम्हीच बोलत होतात का, हे मला विचारायचं आहे. विचारण्याचं कारण माझ्या स्वतःच्या चुकीत आहे. एका घरासमोर मी रजिस्टरमध्ये सलग तीन महिने ‘नकार’ लिहिलं होतं. चौथ्यांदा गेले तेव्हा पाऊस होता, रजिस्टर पिशवीतून काढता येईना. नुसतीच दारात उभी राहिले आणि म्हणाले, ‘मोठ्या मुलाच्या वेळी काय झालं होतं?’ ती बाई बोलायला लागली. मोठ्याला लशीनंतर रात्रभर ताप होता, झटका आला. ती त्याला घेऊन दवाखान्यात धावली, तर तिथं तिच्यावरच कुणीतरी खेकसलं की इतक्या उशिरा का आणलंस. लशीला तिचा विरोध नव्हता. पुन्हा तशा रात्री एकटं पडायला तिचा विरोध होता. तीन महिने मी तिला लशीचे फायदे सांगत होते आणि ती मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मनात घेऊन बसली होती.

म्हणून पाचव्यांदा जा, पण लशीचा दिवस सोडून जा. शीतपेटी नको, यादी नको. मोठं मूल असेल तर त्याच्याबद्दल विचारा, ती स्वतः कशी आहे ते विचारा. मग एवढंच विचारा, ‘लशीबद्दल तुम्ही काय ऐकलंय?’ आणि ती जे सांगेल ते खोडायची घाई करू नका; पुरतं ऐका, तिच्याच शब्दांत तिला परत सांगून बघा की मला नीट कळलं का. तुम्हाला माहीत असलेलं सांगण्याआधी परवानगी मागा, ‘मी काही सांगू का?’ ती नाही म्हणाली तर तुमचा नंबर देऊन निघा. मागच्या मुलाला झटका आला होता असं काही निघालं, तर आश्वासन देऊन मोकळं होऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला आणि मग तिच्याशी. ती तरीही नकार देऊ शकते. तिचा नकार हा तुमच्या कामाचा निकाल नाही.

एका दारासाठी इतका खटाटोप का, असं तुम्हाला नऊ वर्षांच्या सवयीनं वाटेल. गोवराचा एक रुग्ण कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. तो थोपवायला शंभरातली पंचाण्णव मुलं सुरक्षित लागतात. पहिली ऐंशी मुलं स्वतःहून येतात, त्यांना सत्राची वेळ कळली की पुरतं. शेवटची दहा-पंधरा मुलं म्हणजे असली दारं. तिथं पोस्टर पोचत नाही.

क्षयरुग्णाच्या बाबतीत तुम्ही स्वतःला जास्तच बोल लावला आहे. साध्या क्षयाचा प्रचलित उपचार सहा महिन्यांचा. पहिल्या काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, अंगात जोर येतो. म्हणजे औषध लागू पडलं की माणसाला औषधाची गरज संपल्यासारखी वाटते. तिसरा महिना हा घसरायचाच महिना आहे, आणि त्यात कामधंदा असतो, मळमळ असते, शेजाऱ्यांना कळेल ही भीती असते. ‘औषध का सोडलं?’ हा प्रश्न आरोपासारखा लागतो. ‘गोळ्या घेणं कुठल्या वेळी जड जातं?’ असं विचारलं तर माणूस वेळ सांगतो, आणि वेळेवर तोडगा निघतो. त्याला शोधा. सापडला तर पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करायचं की पुढं चालू ठेवायचं हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही किती दिवस खंड पडला याची नेमकी नोंद न्या. आणि त्याच्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्या मुलाची तपासणी आणि प्रतिबंधक औषध याची चौकशी आजच करा. हे मूल तुमच्या पत्रात कुठं आलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता गंजणारे हात. हा भाग मी हलक्यानं घेणार नाही. कृत्रिम श्वासाचं यंत्र लावणं, मध्यवर्ती शिरेतली नळी सांभाळणं हे हात रोज न चालवल्यास मंदावतात, हे खरं आहे. पण तुमच्या नऊ वर्षांतला मोठा ठेवा हातांत होता की नजरेत? मॉनिटर वाजायच्या आधी ‘याचं काहीतरी बिनसतंय’ हे तुम्हाला कळायचं ना? घरात मॉनिटर नसतो. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेतंय, वर्षाच्या आतलं पन्नास, पाच वर्षांखालचं चाळीस, छाती आत ओढली जातेय. हे आई ‘थोडी सर्दी आहे’ म्हणून सांगते आणि तुम्ही घड्याळ लावून मोजता. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाला गुंडाळलेली पट्टी दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली दाखवते, तेव्हा ते मूल हसत असलं तरी कुपोषणानं धोक्यात असतं. गरोदर बाई डोकं दुखतंय म्हणाली की तुमचा हात आपोआप रक्तदाबाच्या पट्ट्याकडे जातो. तीच नजर इथं आजाराच्या दोन पावलं आधी वापरायची आहे.

गुरुवारच्या बाळंतिणींबद्दल एक गोष्ट जास्तीची. बाळाचं वजन झालं, टाके बघितले, दूध येतंय ना विचारलं, की भेट संपते. बाळंतपणानंतरचं नैराश्य या तिन्हींत दिसत नाही. त्यासाठी १९८७ साली एडिंबरो मापनी नावाची दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली तयार झाली, परिचारिकांना घरी वापरता येईल अशी. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याला होकार आला तर तिला एकटं सोडून उठायचं नाही. त्याच दिवशी तिला कुणापर्यंत पोचवायचं हे आधीच ठरवून ठेवा. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. आयसीयूत तुम्ही अशा काही जणी पाहिल्या असतील, फार उशीर झाल्यावर.

‘गृहभेट काय, कुणीही करेल’ असंही तुम्हाला कुणी ऐकवत असेल. अमेरिकेतल्या एल्मायरा या छोट्या शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ओल्ड्स यांनी पहिलटकरणींच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली, गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी मागोवा घेतला तेव्हा त्या घरांत मुलांचा छळ आणि हेळसांड यांच्या नोंदी कमी होत्या, आणि मोठी झालेली ती मुलं कमी वेळा अटकेत गेली होती. पुढं डेन्व्हर शहरात अशाच भेटी काही घरी परिचारिकांनी आणि काही घरी प्रशिक्षण दिलेल्या इतर कार्यकर्त्यांनी दिल्या. परिचारिकांच्या भेटींचा परिणाम जास्त दिसला. मला यातले आकडे महत्त्वाचे वाटतात, पण त्याहून ते ‘पंधरा वर्षांनी’. भेटी देणाऱ्या परिचारिकांना त्या संध्याकाळी घरी विचारलं असतं, आज काय केलंस, तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

इथवर मी तुमच्या कामाच्या बाजूनं बोलले. पण तुमच्या पत्रात तीन तक्रारी अशा आहेत ज्या खऱ्या आहेत, आणि त्या कामाच्या थोरवीनं झाकल्या जाऊ नयेत.

पहिली, एकटेपणा. वॉर्डात शंका आली की मान वळवून विचारता येतं. फिल्डवर निर्णय दारात उभं राहून एकटीनं घ्यावा लागतो आणि तो बरोबर होता का हे सांगणारं कुणी नसतं. याला उपाय आहे, पण तो मागावा लागतो : आठवड्यातून एकदा अर्धा तास, अनुभवी सहकारी किंवा वरिष्ठांसोबत, फक्त अवघड घरांबद्दल बोलायला. शुक्रवारच्या बैठकीत हे होत नाही, तिथं आकडे होतात. दुसरी, रजिस्टरं. माझ्या एका वरिष्ठांनी वर्षभर मला फक्त ‘किती?’ विचारलं, ‘कोण राहिलं?’ असं एकदाही विचारलं नाही. मी घरी येऊन रडले आहे. एकच माहिती तीन वह्यांत भरावी लागत असेल तर तशी लेखी यादी करून द्या, चार जणींच्या सह्यांनी. एकटीची तक्रार कुरकुर वाटते. तिसरी, सुरक्षितता, जी तुम्ही एका ओळीत उरकलीत. कुठं जाताय, किती वाजता परताल हे रोज कुणालातरी माहीत हवं, आणि जिथं भीती वाटते तिथं जोडीनंच जायचं. याला भित्रेपणा म्हणू नका.

आता परत जाण्याबद्दल. मैत्रिणींच्या नजरेत पुन्हा ‘खरी नर्स’ व्हायचं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, ती नजर तुम्हाला तिथंही पुरणार नाही. पण वेग, सोबत, शिफ्ट संपली की संपलेलं काम, हे तुमच्या स्वभावाला मानवत असेल तर परत जाणं ही माघार नाही. काही उत्तम परिचारिका वस्तीत कोमेजतात आणि वॉर्डात फुलतात. तुम्ही गेलात तरी चौदा महिने वाया जात नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी ‘गोळ्या वेळेवर घ्या’ म्हणण्याऐवजी ‘घरी पाणी कुठून येतं, गोळ्या कोण देणार, पुन्हा इथं कोण घेऊन येणार’ असं विचारणारी सिस्टर प्रत्येक वॉर्डाला हवी असते. ज्या रात्रपाळ्यांपायी आलात त्यांचं काय, हे मात्र हॉस्पिटलला आधी विचारा. मूल अजून लहानच आहे.

उत्तर द्यायला महिना आहे. त्यातला एक दिवस जुन्या वॉर्डात जाऊन बसा, पाहुणी म्हणून. तिथं काय बघून जीव ओढला जातो ते बघा : यंत्रं, माणसं की मिळणारी शाबासकी? बाकीच्या दिवसांत एक स्वतःची वही ठेवा, रजिस्टर नव्हे. संध्याकाळी तीन ओळी. आज कुणामध्ये आणि कशामध्ये मी उभी राहिले. आज काय दिसलं जे दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. उद्या कुठलं दार. आणि सगळं थोडं थोडं होतंय असं वाटतं ना, तर एक धागा पकडा. क्षय घ्या, बाळंतिणी घ्या किंवा शाळा घ्या, आणि त्यात इतकं शिका की आजूबाजूच्या चार जणी तुम्हाला विचारायला येतील. तुमचा आयसीयूचा पिंड बघता मला गरोदरपणातल्या धोक्यांची बाजू सुचते, पण निवड तुमची. आणीबाणीतल्या प्रथमोपचारांची उजळणी मात्र दर वर्षा-दोन वर्षांनी कराच, कुठंही असलात तरी. महिन्याच्या शेवटी वही कोरी राहिली असेल, लिहावंसंच वाटलं नसेल, तर तेही उत्तर आहे. मग खुशाल परत जा.

याच वळणावर असलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. नुकतं नर्सिंग पुरं केलेल्या मुलींनो आणि मुलांनो, सुरुवातीलाच इकडे यायचं असेल तर आधी वर्ष-दोन वर्षं वॉर्डात काढा असं मी सांगीन. खूप आजारी माणूस कसा दिसतो हे माहीत असल्याशिवाय आजाराची चाहूल लागत नाही. आणि घरात अशी परिचारिका असलेल्यांनो, ‘आज किती सुया?’ असं विचारू नका. ‘आज कुणाकडे गेली होतीस?’ विचारा. तिला नाव सांगता येणार नाही, सांगूही नये, पण ती बोलायला लागेल.

सिस्टर, त्या बाईकडे जाल तेव्हा सकाळी जाऊ नका. तुमच्या पत्रातल्या चारही खेपा सकाळच्या दिसतात. लहान बाळाच्या आईला सकाळी दारात उभं राहून बोलायला वेळ असतो का, तुम्हीच आठवून बघा. दुपारी बाळ झोपल्यावर जा, आणि तिनं आत बोलावलं तर बसा.